रक्त थांबवण्याचं सामान: घरात, गोठ्यात आणि गाडीत काय, किती, कुठे ठेवावं

प्रश्न थोडक्यात असा: आई-वडील शेतात राहतात, तिथे कडबाकुट्टी आणि ट्रॅक्टर आहे. महिन्यातून दोनदा तरी लातूर ते संभाजीनगर गाडीने जाणं-येणं होतं. घरी आणि गाडीत चांगली प्रथमोपचार पेटी ठेवायची आहे. ऑनलाइन ‘इस्रायली बँडेज’, टूर्निकेट (हात-पाय आवळून रक्त थांबवायचा पट्टा), रक्त गोठवणारं गॉझ असं बरंच दिसतं. त्यातलं खरंच काय घ्यावं, किती नग घ्यावेत, आणि साध्या माणसाला ते वापरता येईल का?

येईल, आणि घ्यावंही. पण खरेदीआधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसू द्या, नाहीतर पैसे जातील आणि पेटी कपाटावर धूळ खाईल. रक्त पट्टीने थांबत नाही, दाबाने थांबतं. पट्टी तो दाब धरून ठेवते आणि आपले हात मोकळे करते, एवढंच तिचं काम. म्हणून कुठलीही वस्तू घेताना विचारायचं: ही दाब कुठे देते, किती देते, आणि मी हात काढल्यावर तो टिकतो का? एवढं विचारलं तरी बाजारातलं निम्मं सामान आपोआप गळतं.

नव्या गाडीबरोबर आलेली पेटी उघडून बघा. चिकटपट्ट्या, पाच सेंटिमीटर रुंदीची एखादी रोलर पट्टी, कापसाचा पुडा, मलमाची ट्यूब, लाल औषधाची बोटभर बाटली. खरचटलं, कापलं, फोड फुटला यासाठी ती ठीक आहे. मळणीयंत्रात गेलेल्या हातापुढे तिचा काही उपयोग नाही. ती फेकू नका, पण तिच्या भरवशावरही राहू नका. तुम्हाला हवी ती दुसरी, वेगळी पिशवी, आणि या दोन्हींची सरमिसळ करायची नाही. रक्त उडत असताना क्रोसिनच्या पाकिटाखालून टूर्निकेट शोधायची वेळ येऊ नये.

वेळेचं गणित आधी समजून घ्या. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. वीस किलोच्या पोराच्या अंगात दीड लिटरच्या थोडंसं वर. मोठ्या माणसाचं दीड लिटर गेलं की अंग गार पडतं, घाम सुटतो, नाडी पळते, माणूस बिथरल्यासारखा बोलतो. दोन लिटरच्या पुढे शुद्ध हरपते. मांडीतली मोठी धमनी पूर्ण तुटली तर तीन ते पाच मिनिटांत जीव जाऊ शकतो. १०८ ची गाडी कितीही तत्पर असली तरी शिवारातल्या आखाड्यापर्यंत, म्हणजे शेतातल्या वस्तीपर्यंत, किंवा कन्नड घाटात वाहतूक तुंबली असताना, पाच मिनिटांत पोचत नाही. ही पाच मिनिटं जवळच्या माणसाचीच.

किती रक्त गेलं याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. एकदा घरी करून बघा: लिटरभर पाण्यात कुंकू कालवून अर्धं फरशीवर ओता आणि अर्धं वावरातल्या काळ्या मातीवर. फरशीवर अर्धा लिटर म्हणजे रक्ताचा सडा वाटतो. काळ्या मातीत तेवढंच पाणी बघता बघता मुरतं आणि मागे ओलसर डाग तेवढा उरतो. शेतातल्या अपघातात ‘फार काही गेलेलं दिसत नाही’ असं म्हणून लोक निवांत राहतात ते यामुळे. डागाकडे बघू नका, जखमेकडे बघा. चिळकांडी उडतेय, रक्त भळाभळा वाहतंय, कपडा भिजून थेंब गळतायत, हात-पाय तुटलाय, किंवा जखमी माणूस गुंगीत बोलतोय, यातलं एक जरी असलं तरी ती मोठी जखम समजायची आणि लगेच हात घालायचा.

आता सामान. जागा कुठली त्यावर वस्तू ठरते.

हात-पाय असेल तर टूर्निकेट. पोटरी, मांडी, दंड, मनगट, कुठेही असं रक्त असेल तर पहिली वस्तू हीच. सुमारे दीड इंच रुंद पट्टा, बक्कल आणि पिळायची दांडी असलेलं घ्यायचं. ‘कॅट’ (कॉम्बॅट ॲप्लिकेशन टूर्निकेट) हा त्यातला सर्वांत ओळखीचा प्रकार. नेमक्या याच वस्तूत नकलांचा सुळसुळाट आहे. तीन-चारशे रुपयांना मिळणाऱ्या नकलेची दांडी तिसऱ्या पिळाला वाकते, शिवण उसवते, नाहीतर वेल्क्रो सुटतो. अस्सल नग दोन-अडीच हजारांच्या पुढे पडतो आणि या पेटीत पैसे वाचवायची जागा ही नव्हे. एकाच बनावटीचे तीन घ्या: एक घरी, एक गाडीत, एक सरावाला. सरावाच्या नगावर पेनने ठळक ‘सराव’ लिहा आणि तो पुन्हा पेटीत जाऊ देऊ नका, कारण वारंवार पिळून पट्टा आणि वेल्क्रो सैल पडतात. माल आला की सरावाचा नग स्वतःच्या दंडावर बांधा, मनगटाची नाडी धरा आणि पिळत जा. नाडी बंद झाली की वस्तू चालते. दुखतं, चांगलंच दुखतं. मिनिटभरात सोडा.

बांधायची रीत: जखमेच्या वर, म्हणजे हृदयाच्या बाजूला, चार बोटं सोडून. कोपर किंवा गुडघ्यावर नाही, त्याच्या वर. जखम नेमकी कुठे ते दिसत नसेल, धोतर-पातळ रक्तात लडबडलं असेल, तर शोधत बसायचं नाही. मांडीच्या किंवा दंडाच्या अगदी वरच्या टोकाला कपड्यावरूनच बांधायचं. खिशातला मोबाइल आणि चाव्या आधी काढा. पट्ट्याखाली मोबाइल राहिला की दाब त्याच्यावर जातो आणि रक्त चालूच राहतं. नवखा माणूस सर्वांत जास्त चुकतो तो पट्टा ओढण्यात. दांडीला हात लावण्याआधीच पट्टा इतका ताणायला हवा की खाली बोटाचं टोक जाऊ नये. पट्टा ढिला ठेवून नुसती दांडी पिळत राहिलं तर पिळ संपतात आणि रक्त थांबत नाही. नीट ओढलेल्या पट्ट्याला दोन-तीन पूर्ण पिळ पुरतात. रक्त थांबेपर्यंत पिळा, दांडी खाचेत अडकवा, किती वाजले ते पट्ट्यावर मार्करने लिहा. नाही थांबलं तर दुसरं टूर्निकेट पहिल्याच्या लगत वरच्या बाजूला.

अर्धवट आवळलेलं टूर्निकेट हे न बांधल्यापेक्षा वाईट. धमनीतून रक्त खाली येत राहतं, शिरेतून परत जाणं तेवढं बंद होतं, आणि जखम आधीपेक्षा जास्त वाहते. माणूस ओरडतो म्हणून सैल करायचा मोह होतो, तो टाळायचा. ‘दर दहा मिनिटांनी सैल करावं’ हा सल्ला जुन्या पुस्तकांत होता. तो सोडून द्या. एकदा बांधलं की दवाखान्यातच सुटतं. हात-पाय कापावा लागेल ही भीती लोकांच्या मनात फार खोल आहे, पण दोन तासांपर्यंत बांधलेल्या टूर्निकेटने अवयवाला कायमची इजा होणं विरळा. अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरची घाटी यांपैकी कुठलं तरी वैद्यकीय महाविद्यालय मराठवाड्यातल्या बहुतेक गावांपासून त्या वेळात गाठता येतं.

टूर्निकेट नसेल तर दोन इंच रुंदीचा कापडाचा पट्टा आणि वीतभर मजबूत काठी चालते. उपरण्याची घडी घालून होतो तो. सुतळी, वायर, बुटाची नाडी अजिबात नको. ती मांसात रुतते, नस चेंगरते आणि धमनी तशीच वाहत राहते. कमरेचा चामड्याचा पट्टा बहुतेक वेळा पुरेसा आवळला जात नाही. अगदी तान्ह्या बाळाच्या दंडाला तयार टूर्निकेट बसत नाही. तिथे बोटाने दाबणं हाच उपाय.

जांघ, काख, मानेचा बुंधा इथे पट्टा बसत नाही. तिथे जखम भरायची, म्हणजे आत गॉझ ठासायचं. त्यासाठी तीन-चार इंच रुंदीचं, साडेतीन-चार मीटर लांबीचं, घड्या घातलेलं गॉझ हवं. ‘झेड फोल्ड’ म्हणून ते मिळतं. न मिळाल्यास साधी निर्जंतुक रोलर पट्टी घ्या, फक्त ती हातातून सुटून मातीत लोळत जाते, तेवढी काळजी घ्यायची. जखमेत बोट घालून रक्त कुठून येतंय ती जागा शोधायची, बोट तिथून न हलवता गॉझचं टोक बोटाखाली सरकवायचं, मग एका बोटाने दाब धरून दुसऱ्याने पुढचं गॉझ भरायचं. बोटं आलटून-पालटून. जखम भरून वर उंचवटा आला की दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, कोपरं सरळ करून, अंगाचा भार देऊन दहा मिनिटं दाबायचं. घड्याळ लावा. दोन मिनिटांनी ‘थांबलं का बघू’ म्हणून हात उचलला की तयार होत आलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून.

वरवर भरलेलं गॉझ हे अपयशाचं नेहमीचं कारण. हाताला अंदाज यावा म्हणून एक पिकायला आलेली पपई घ्या, तिच्यात दोन बोटं जातील असं भोक पाडा आणि त्यात गॉझ भरत जा. एवढ्याशा भोकात तीन-साडेतीन मीटर गॉझ कसं जिरतं ते बघून आश्चर्य वाटेल. घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी करावं. पपई नंतर खाऊ नका, एवढंच. छातीत आणि पोटात मात्र काही ठासायचं नाही. तिथलं रक्त बोटाने पोचेल अशा जागी नसतं. स्वच्छ पट्टी झाकायची आणि गाडी पळवायची. मानेवर गॉझ भरून हाताने दाबायचं, गळ्याभोवती पट्टी गोल गुंडाळायची नाही.

रक्त गोठवणारं गॉझ, म्हणजे केओलिन किंवा चिटोसन लावलेलं, दाबायची वेळ दहा मिनिटांवरून तीनावर आणतं. ‘ॲक्सिओस्टॅट’ हे चिटोसनचं उत्पादन भारतातच बनतं. परवडत असेल तर गाडीत एक ठेवा. पण आतल्या औषधाने काम होईल म्हणून वरचा दाब सोडला तर हे महागडं गॉझ साध्या गॉझइतकंच वाहून जातं. पावडर घेऊ नका. वाऱ्यावर ती डोळ्यांत जाते आणि वाहत्या रक्ताबरोबर जखमेबाहेर येते.

आता तुम्ही विचारलेलं इस्रायली बँडेज. टूर्निकेट लावावं एवढी मोठी नाही पण हाताने दाबल्याशिवाय रक्त थांबत नाही अशा जखमेसाठी, आणि गॉझ ठासल्यावर वरून बांधायला, याला तोड नाही. जाड निर्जंतुक पॅड, त्याला जोडलेली लवचिक लांब पट्टी आणि पॅडच्या पाठीवर प्लास्टिकची कमान. चार, सहा आणि आठ इंच रुंदीत मिळतं. सहा इंची घ्या. ते मांडीलाही पुरतं आणि दंडालाही चालतं. पॅड जखमेवर, एक वेढा, पट्टी कमानीत अडकवायची आणि आलात त्याच्या उलट दिशेला कचकून मागे ओढायची. कमान आडवी होऊन पॅडवर दाबली जाते. मग पुढचे वेढे कमानीवरून, पॅडच्या दोन्ही कडा झाकतील असे. पट्टीच्या शेवटी असलेल्या दांडीचे आकडे खालच्या वेढ्यात खोचायचे. लोक चुकतात ते दोन ठिकाणी. कमान जखमेच्या बरोबर वर न येता बाजूला सरकते, किंवा पट्टी दिशा न बदलता तशीच पुढे गुंडाळली जाते. दुसऱ्या चुकीत हे बँडेज नुसतं महागडं क्रेप (मुरगळल्यावर गुंडाळतात ती ताणणारी पट्टी) ठरतं. बांधून झाल्यावर बोटांची नखं निळी पडत नाहीत ना, बोटं हलतात ना हे बघा. पट्टी भिजून रक्त वर आलं तर वरून एकदा आणखी एक चढवून बघायला हरकत नाही. तीही भिजली तर थर चढवत राहण्यात अर्थ नाही. दाब चुकीच्या जागी पडतोय असं समजा: हात-पायाला टूर्निकेट, नाहीतर पट्टी सोडून नेमक्या जागी बोट.

तालुक्याच्या गावी हे बँडेज दुकानात मिळेलच असं नाही. पण जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याभोवती सर्जिकलची दुकानं असतात, तिथल्या सामानातून तसंच काम होतं: एक गामजी पॅड (गॉझमध्ये गुंडाळलेला कापसाचा जाड थर), एक न उघडलेली साडेसात सेंटिमीटरची रोलर पट्टी आणि एक पंधरा सेंटिमीटरची क्रेप. पॅड जखमेवर, त्यावर रोलर पट्टीचा कडक गुंडाळा आडवा, आणि क्रेप निम्म्याहून जास्त ताणून त्यावरून. गुंडाळा इथे कमानीचं काम करतो. मोठ्या पॅडवर पसरलेला दाब पातळ होतो, छोट्या कडक वस्तूखाली तोच दाब खोल जातो. जखमेवर टॉवेलचा मोठा बोळा धरून चार जण दाबत असले तरी रक्त वाहतं आणि दोन बोटांनी नेमकं दाबलं की थांबतं, ते याच कारणाने. हे तिन्ही नग एकाच झिपच्या पिशवीत आधीच एकत्र घाला.

घरात कोणाचं डायलिसिस चालू असेल तर हीच गोष्ट लक्षात ठेवा. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात धमनीला जोडलेली शीर, फुटला तर टॉवेल गुंडाळू नका. छोटी घडी आणि अंगठा, बरोबर त्या छिद्रावर, आणि १०८. पायाच्या फुगलेल्या शिरा फुटल्या तरी बरंच रक्त येतं, पण आडवं झोपवून पाय उंच केला आणि बोटाने दाबलं की ते लवकर आवरतं.

किती आणि कुठे. घरच्या पेटीत टूर्निकेट एक, सहा इंची दाबपट्ट्या, म्हणजे इस्रायली बँडेज, दोन (किंवा वर सांगितलेले दोन संच), ठासायच्या गॉझचे चार रोल, दहा सेंटिमीटरचे निर्जंतुक गॉझ तुकडे दहा, दहा आणि पंधरा सेंटिमीटरच्या क्रेप दोन-दोन, त्रिकोणी पट्ट्या दोन, नायट्राइल हातमोजे चार जोड, बोथट टोकाची जाड कात्री, दोन इंची चिकटपट्टी, काळा मार्कर, अर्धा लिटर सलाईन. कात्री आधी गोधडीवर चालवून बघा. पातळाचे निऱ्यांचे चार थर कापले नाहीत तर बदला. चिकटपट्टीचं सुटं टोक दुमडून ठेवा, रक्ताळलेल्या हातमोज्यांना ते सापडत नाही. टूर्निकेटचं प्लास्टिक वेष्टन काढून, पट्टा बक्कलातून ओवून, हात जाईल एवढी कडी तयार करून ठेवा. वेष्टन फाडण्यात गेलेली वीस सेकंदं फार महाग असतात.

शेतावर मात्र पेटी घरात ठेवून उपयोग नाही. कडबाकुट्टी गोठ्यात असेल तर तिथेच, भिंतीला खुंटीवर, छातीच्या उंचीला एक छोटी पिशवी टांगा: टूर्निकेट, दोन गॉझ रोल, एक दाबपट्टी, हातमोजे. जुन्या माळवदाच्या घरात उंदीर गॉझ कुरतडतात, म्हणून घरची पेटी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. कुलूप नको आणि देव्हाऱ्याच्या खालचा कप्पाही नको. सालगड्याला, शेजाऱ्याला, आजीला ती कुठे आहे हे माहीत हवं.

गाडीत दोन टूर्निकेट हवीत, कारण अपघातात एकच माणूस जखमी होईल याची खात्री नाही. तीनाच्या जागी मग चार घ्यावी लागतील, आणि गोठ्यासाठी पाचवं. बाकी दाबपट्ट्या दोन, गॉझ रोल तीन, क्रेप दोन, हातमोजे चार जोड, कात्री, मार्कर, दोन फॉइलची पांघरुणं. जास्त रक्त गेलेला माणूस मे महिन्यातही गारठतो आणि गार पडलेलं रक्त नीट गोठत नाही, म्हणून ही पांघरुणं. पिशवी डिकीत ठेवू नका. मागून धडक बसली की डिकी उघडत नाही. पुढच्या सीटच्या पाठीला वेल्क्रोने घट्ट बांधा आणि एक टूर्निकेट चालकाला बेल्ट न काढता हात पोचेल अशा जागी. पत्र्याचा डबा गाडीत नको, धडकेत तोच डोक्यात बसतो. फटफटीच्या सीटखाली एक टूर्निकेट, एक गॉझ, एक क्रेप आणि हातमोजे झिपच्या पिशवीत मावतात, आणि आपल्याकडचे निम्मे प्रवास तर फटफटीवरच होतात.

मराठवाड्याचा उन्हाळा या सामानाचा शत्रू आहे. बाहेर ४२-४३ अंश असताना बंद गाडीत साठीच्या वर जातं. चिकटपट्टीचा डिंक वितळून कडेने चॉकलेटी थर येतो, रबरी हातमोजे एकमेकांना चिकटून फाटतात, क्रेपचा ताण मरतो, औषधाच्या बाटल्या फुगतात. म्हणून गाडीत द्रव औषधं नकोत, हातमोजे नायट्राइलचेच, आणि टूर्निकेट काचेतून ऊन लागणार नाही असं. तपासणी वर्षातून दोनदा: होळीला, ऊन तापायच्या आधी, आणि दसऱ्याच्या आधी, सोयाबीनची मळणी सुरू व्हायच्या आत. गाडीतली क्रेप, चिकटपट्टी आणि हातमोजे दर वर्षी बदला, काढलेले सरावाला. दाबपट्टीचं हवाबंद पाकीट दाबून बघा. विटेसारखं कडक असेल तर ठीक. आत हवा भरून सैल झालं असेल तर आतलं निर्जंतुक राहिलेलं नाही, पण जीव वाचवायला तेही चालतं. जंतुसंसर्गाचा इलाज दवाखान्यात होतो, वाहून गेलेल्या रक्ताचा होईलच असं नाही.

कडबाकुट्टी किंवा मळणीयंत्रात हात गेला तर आधी मेन स्विच, ट्रॅक्टरवर असेल तर ट्रॅक्टर बंद. हात अजून अडकलेला असेल तर बाहेर काढण्याआधीच दंडावर टूर्निकेट चढवून ठेवा, कारण अडकलेल्या हातावर यंत्राचाच दाब असतो आणि तो सुटला की रक्त उसळतं. बांगड्या, कडं, अंगठ्या लगेच काढा, तासाभरात सूज येऊन त्या रुततात. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी मरतात आणि जोडता येत नाही. जखमेत रुतलेलं विळ्याचं पातं किंवा सळई उपसू नका. दोन्ही बाजूंनी पट्ट्यांचे गुंडाळे लावून ती हलणार नाही अशी बांधा. हळद, चुना, मिशरी, कॉफी, तंबाखू यांतलं काहीही जखमेत नको. रक्त त्याने थांबत नाही आणि डॉक्टरला ते खरवडून काढावं लागतं. मातीत झालेल्या जखमेला धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं, शेवटचं घेऊन पाच वर्षं झाली असतील तर नक्कीच.

आणि एक धोका खास आपल्याकडचा. घरात टूर्निकेट आलं की पहिला वापर बहुधा साप चावल्यावर होतो. तसं करू नका. घोणस आणि फुरशाचं विष मांस नासवतं, आणि ते एका जागी कोंडलं की तो पाय जायची भीती वाढते. शिवाय बांधलेलं अचानक सोडलं की साठलेलं विष एकदम अंगात जातं. नाग-मण्यारच्या बाबतीतही आवळून बांधण्याने जीव वाचत नाही, प्रतिविषाने वाचतो. हात-पाय फळीला सैल बांधून हलू न देणं आणि थेट दवाखाना, एवढंच करायचं. टूर्निकेटच्या पिशवीवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: ‘साप चावल्यास वापरू नये’.

फोन १०८, किंवा ११२. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही चालतो. स्पीकरवर ठेवा, म्हणजे हात जखमेवर राहतात. ‘मांजरसुंब्याच्या पुढे’ एवढ्याने गाडी सापडत नाही. किलोमीटरचा दगड, फाट्याचं नाव, रस्त्याची कुठली बाजू हे सांगा. अनोळखी जखमीला हात लावायला लोक पोलिसांच्या भीतीने कचरतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायची सक्ती दवाखान्याला किंवा पोलिसांना करता येत नाही.

जखमीला गाडीत चढवताना टूर्निकेट चादरीखाली झाकलं जाऊ देऊ नका. धावपळीत ते कोणाच्या लक्षातच आलं नाही तर दोन तासांची मर्यादा उलटून जाते. १०८ च्या डॉक्टरला तोंडी सांगा, ‘उजव्या मांडीला बांधलंय, सव्वादहाला’, आणि तेच जखमीच्या कपाळावर मार्करने लिहा.